मे महिन्यातला कमी विस्तवाचा स्वयंपाक

डहाणूच्या किनाऱ्यावर मे महिन्यात पारा चौतीस-पस्तीस अंशांच्या आसपास असतो. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथल्या हवेत बाष्प इतकं असतं की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. किनारा सोडून तलासरीच्या टेकड्यांकडे निघालं की हवा जरा कोरडी होते, पण पारा चढतो आणि समुद्राचा वारा उशिरा पोचतो. दोन्हीकडे दुपार जड जाते. त्यात पत्र्याच्या छपराखाली चूल किंवा शेगडी असली, तर स्वयंपाक करणाऱ्या बाईची दुपार आणखी जड. शेतावर, वीटभट्टीवर किंवा चिकूच्या वाडीत राबून आलेली तीच बाई पुन्हा दीड-दोन तास विस्तवापाशी बसते.

हे दीड-दोन तास वीस-पंचवीस मिनिटांवर आणता येतात आणि तरीही घरातलं प्रत्येक माणूस पोटभर, कसदार जेवू शकतं. त्यासाठी लागणारं बहुतेक ज्ञान याच पट्ट्यात आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी घरांतली आंबील, मांगेला मच्छीमारांची सुकी मासळी, वाडीतले चिकू, बांधावरची कैरी हे सगळं उन्हाळ्याचंच अन्न आहे. ते कसं काम करतं हे नीट समजून घेतलं, तर कुठे विस्तव वाचवता येतो आणि कुठे वाचवायचा नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

विस्तव नेमकं काय करतो?

अन्न शिजवताना विस्तव चार कामं करतो. पहिलं, धान्यातला कच्चा स्टार्च पाण्यासह तापवून फुगवतो, मऊ करतो. तसा तो फुगला नाही तर पोटाला धड पचत नाही. दुसरं, जंतू मारतो. तिसरं, चव आणि खमंगपणा आणतो. चौथं, काही कंद आणि कडधान्यांतली विषारी द्रव्यं निकामी करतो.

यांतली पहिली तीन कामं दुसऱ्याकडून करून घेता येतात. स्टार्च आधीच कुणीतरी शिजवून ठेवलेला असेल, तर आपल्याला फक्त भिजवायचं उरतं. पोहे आणि कुरमुरे असेच आहेत. जंतूंना रोखण्याचं काम आंबटपणा, मीठ, साखर आणि ऊन करतात. खमंगपणा फाल्गुनातल्या एखाद्या गार सकाळी भाजून, कुटून बरणीत भरून ठेवता येतो. चौथं काम मात्र विस्तवाशिवाय होत नाही. तिथे सवलत नाही, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आंबील: रात्रीने केलेलं काम

या भागात नाचणीला नागली म्हणतात. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळात ते दहाच्या आसपास असतं. तरीही नागलीची भाकरी मे महिन्यात नकोशी होते, कारण एकेक भाकरी थापून तव्याजवळ उभं राहावं लागतं. आंबिलीला एकदाच पाच-सात मिनिटं विस्तव लागतो आणि तेवढ्यात चार माणसांची सकाळ भागते.

रात्री मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात अर्धी वाटी नागलीचं पीठ घ्या. त्यात एक वाटी आंबट ताक आणि एक वाटी पिण्याचं पाणी हळूहळू घालत, गुठळ्या मोडत कालवा. झाकण ठेवा, पण घट्ट लावू नका. आठ-दहा तासांत ताकातले लॅक्टिक आम्ल करणारे जंतू पिठातली साखर खाऊन आंबटपणा वाढवतात. सकाळी वर बारीक बुडबुडे दिसतात आणि ताकासारखा स्वच्छ आंबट वास येतो. कुबट वास आला, तार सुटली किंवा रंगीत बुरशी दिसली, तर ते पीठ टाकून द्यायचं.

या रात्रीत आणखी दोन गोष्टी होतात. नागलीतलं फायटेट नावाचं द्रव्य लोह आणि कॅल्शियम धरून ठेवतं. आंबवल्याने ते कमी होतं आणि ही खनिजं अंगी लागायला मदत होते. शिवाय पिठाचा कण न् कण पाणी पिऊन बसलेला असतो, त्यामुळे सकाळी शिजायला वेळ लागत नाही.

सकाळी तीन वाट्या पाण्यात मीठ घालून उकळी आणा. आंबवलेलं पीठ एकदा ढवळून बारीक धारेने त्यात सोडा आणि दुसऱ्या हाताने सतत घाटत राहा. पीठ सुरुवातीला पाण्यात नुसतं तरंगतं. मग एकदम दाट व्हायला लागतं. हाच तो क्षण, जेव्हा स्टार्च पाणी ओढून फुगतो. इथे हात थांबला की गुठळ्या झाल्याच. रंग गडद झाला, वर चकाकी आली आणि कच्च्या पिठाचा वास गेला की खाली उतरवा. आंबील गार झाल्यावर आणखी घट्ट होते, म्हणून शिजताना ती हवी त्याहून पातळच ठेवावी. गार झाली की ताक घालून सारखी करा, ठेचलेला लसूण, जिरं आणि बारीक चिरलेला कांदा घाला. काही घरांत तांदळाच्या कण्या शिजवून त्यात मिसळतात. त्यामुळे ती दुपारपर्यंत पोटाला आधार देते.

आंबिलीत पाणी आहे, मीठ आहे, धान्य आहे. घामावाटे जे जातं, ते भरून काढायला आणि कामावर उभं राहायला लागतं त्यातलं बरंच एका वाडग्यात येतं. उन्हात काम करणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं अन्न शोधायची गरज नाही.

पाण्यातला भात आणि त्याची एक अट

रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी ताक, कांदा, मिरची आणि सुकटाबरोबर खाणं ही भातपट्ट्यांतली जुनी रीत आहे. सकाळी विस्तवच लागत नाही. पण तिची एक अट आहे आणि ती काटेकोर पाळायला हवी.

तांदळात एका जातीच्या जंतूंचे बीजाणू असतात आणि ते उकळत्या पाण्यातही जिवंत राहतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला, की ते वाढतात आणि उलट्या करवणारं विष सोडतात. भात पुन्हा गरम केला तरी हे विष जात नाही. म्हणून धोका शिळेपणापेक्षा त्या लांबलेल्या कोमटपणात आहे. झाकण घातलेल्या पातेल्यात भाताचा गोळा मधोमध बराच वेळ उबदार राहतो.

उपाय सोपा आहे. रात्री उरलेला भात लगेच रुंद परातीत पसरा. तो तासाभराच्या आत गार झाला पाहिजे. मग स्वच्छ भांड्यात घालून वर दोन बोटं पाणी येईल इतकं पिण्याचं गार पाणी ओता आणि दोन चमचे आंबट ताक घालून ढवळा. ताकामुळे आंबवण लवकर सुरू होतं आणि आंबट पाण्यात वाईट जंतूंची वाढ मंदावते. भांडं घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात ठेवा. हा भात सकाळच्या न्याहारीलाच संपवायचा, दुपारपर्यंत ठेवायचा नाही. तान्ही मुलं, गरोदर बाई आणि आजारी माणूस यांना तो देऊ नये. फ्रिज असेल, तर भात गार करून त्यातच ठेवणं आणि सकाळी ताक घालणं हे जास्त सुरक्षित.

पोहे: शिजलेलं धान्य, फक्त भिजवायचं

पोहे करताना भात भिजवतात, भट्टीत तापवतात आणि मग कांडून किंवा रुळाखाली चेपटे करतात. म्हणजे पोहे दुकानातून घरी येतात तेव्हा स्टार्च शिजवण्याचं काम होऊन गेलेलं असतं. कांदेपोह्यांसाठी आपण कढई तापवतो ती चवीसाठी. उन्हाळ्यात ती टाळायची असेल, तर दडपे पोहे करावेत.

चार वाट्या पातळ पोहे चाळून घ्या. त्यात एक वाटी ओलं खोबरं, एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून, पाव वाटी किसलेली कैरी, दोन हिरव्या मिरच्यांचे तुकडे, मीठ, चिमूटभर साखर आणि कोथिंबीर घाला. हाताने मिसळून वरून अर्धी वाटी नारळाचं पाणी शिंपडा. आता पोहे चेपून बसवा, वर ताटली ठेवा, ताटलीवर जड भांडं ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका.

या वेळात मीठ कांद्यातलं आणि कैरीतलं पाणी बाहेर काढतं. वजनामुळे ते पाणी सगळ्या पोह्यांपर्यंत सारखं पोचतं. पातळ पोह्यांचा पत्रा इतका बारीक असतो की तेवढा ओलावा त्यांना पुरतो. जाड पोह्यांना तो पुरत नाही. ते आधी धुऊन, निथळून दहा मिनिटं ठेवावे लागतात. शेवटी चमचाभर तेलात मोहरी, हिंग आणि शेंगदाण्यांची फोडणी केली तर दोन मिनिटं विस्तव लागला. तीही नको असेल तर भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट आणि कच्चं तेल घालावं.

याच तत्त्वावर आणखी कितीतरी पदार्थ उभे राहतात. दहीपोहे आहेत. चिंचेचा कोळ, नारळाचं दूध आणि गूळ घातलेले कोकणातले कोळाचे पोहे आहेत. कुरमुऱ्यांत कांदा-कैरी कालवून मुलांचं मधल्या वेळचं खाणं होतं. खोबरं आणि नारळाचं दूध मात्र उन्हाळ्यात लवकर नासतं. ते घातलेला पदार्थ कालवल्यापासून दोन तासांत, आणि भर दुपार असेल तर तासाभरात संपवावा.

सुकट आणि सुके बोंबील: उन्हाने केलेलं काम

डहाणू, चिंचणी, वरोर, झाई या किनाऱ्यांवर बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधलेल्या दिसतात आणि त्यांवर बोंबील टांगलेले असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात, म्हणजे बांधायला वेगळा दोरा लागत नाही आणि वारा दोन्ही अंगांनी लागतो. ताज्या बोंबलात पाण्याचा भाग फार मोठा असतो, म्हणून तो इतका लुसलुशीत आणि इतका नाशवंत. कडक उन्हात दोन-तीन दिवसांत ते पाणी उडतं. जंतूंना वाढायला पाणी लागतं. ते नाही म्हटल्यावर मासळी महिनोन्‌महिने टिकते. १०० ग्रॅम सुक्या बोंबलात ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात.

एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, म्हणून मे महिन्यात सुक्या मासळीची बेगमी करतातच. ती करताना थोडी जास्त घेतली, तर उन्हाळ्यातल्या जेवणाचाही प्रश्न सुटतो.

सुकटाची, म्हणजे सुक्या जवळ्याची चटणी करायला जवळा आधी सुपात पाखडून चाळा, म्हणजे वाळू आणि कचरा निघून जातो. लोखंडी तवा तापवा, त्यावर जवळा कोरडाच टाका आणि दोन-तीन मिनिटं उलथन्याने सतत हलवत राहा. सुरुवातीला त्याचा वास ओलसर, समुद्राचा येतो. मग तो खमंग व्हायला लागतो, रंग गुलाबीवरून तांबूस होतो आणि चिमटीत धरल्यावर जवळा कुरकुरीत तुटतो. लगेच उतरवा. तवा तापलेला असल्याने जवळा पुढचं अर्धं मिनिट जळतच राहतो, म्हणून ताटात काढून घ्या. गार झाल्यावर हाताने चुरा, त्यात बारीक कांदा, किसलेली कैरी, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि थोडं कच्चं तेल घाला. मीठ चव पाहूनच घालायचं. सुका बोंबील असाच निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजून, मधला काटा काढून लसूण-मिरचीबरोबर कुटता येतो.

घेताना मासळी हातात धरून पाहावी. ती कोरडी आणि कडक असावी, दाबल्यावर ओल लागू नये, पांढरे-हिरवे ठिपके नसावेत. मीठ लावून वाळवलेली मासळी रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानेच खावी.

जे मासळी खात नाहीत त्यांच्यासाठी हेच काम खुरासणीची, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी करते. खुरासणी मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायची, सुकी मिरची, लसूण आणि मिठाबरोबर कुटायची. लसूण घातलेली चटणी आठवडाभरात संपवावी. लसूण न घालता कोरडी कुटली तर ती बरीच टिकते.

कैरी: आंबटपणाचं काम

कैरीचं पन्हं आपण उकडून करतो. उकडल्यावर कैरीतलं पेक्टिन सुटतं आणि पन्ह्याला दाटपणा येतो. न उकडताही पन्हं होतं, फक्त ते पातळ आणि जास्त तरतरीत लागतं. एक वाटी कैरीचा कीस, पाऊण ते एक वाटी किसलेला गूळ, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. गूळ आणि मीठ कैरीतला रस बाहेर ओढतात. मग चार-पाच वाट्या माठातलं पाणी घालून हाताने कोळा आणि गाळून घ्या. गाळलेला कीस टाकू नका. त्यात मिरची आणि कोथिंबीर घातली की जेवणात चटणी झाली.

तलासरीच्या पलीकडे लगेच गुजरात सुरू होतो आणि तिथला छुंदा इकडच्या घरांतही मुरलेला आहे. छुंदा म्हणजे उन्हात शिजवलेला साखरांबा. एक किलो कैरीच्या किसाला मीठ-हळद लावून तासाभराने पिळून घ्यायचं, त्यात सव्वा किलो साखर मिसळायची आणि काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घालून तोंडाला पातळ कापड बांधायचं. रोज उन्हात ठेवायचं, संध्याकाळी घरात आणून कोरड्या चमच्याने ढवळायचं. पहिल्या दोन दिवसांत साखर विरघळून पाणी पाणी दिसतं. मग ते आटत जातं, कीस पारदर्शक होतो. सहा ते आठ दिवसांत पाकाची एक तार यायला लागली की तिखट आणि जिरेपूड घालून बरणी भरायची. इतक्या साखरेत जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही, म्हणून तो वर्षभर टिकतो. अट एकच, ओला चमचा घालायचा नाही.

टेकड्यांवरच्या जाळ्यांत हिरवी करवंदं लागतात, तीही याच रांगेतली. करवंदं धुऊन, चिरून बिया काढा आणि हिरवी मिरची, मीठ, थोडा गूळ घालून पाट्यावर वाटा. विस्तव अजिबात लागत नाही आणि भाताबरोबर दुसरं तोंडीलावणं लागत नाही.

चिकू आणि ताडगोळे

‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथे मुख्यतः कालीपत्ती जातीची लागवड आहे. चिकू झाडावर पिकवत नाहीत. तयार झाला की उतरवून घरात पिकवतात. तयार झाला का हे पाहायला साल नखाने हलकेच खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर तो कच्चा, पिवळसर दिसलं तर तयार. कच्च्या चिकूत चीक आणि तुरटपणा असतो, त्याने घसा धरतो. हाताला मऊ लागणारा, देठाशी चीक नसलेला चिकूच खायला घ्यावा.

पिकलेल्या चिकूचं शिकरण उन्हाळ्यात चांगलं जमतं. चार चिकू सोलून, बिया काढून काट्याने कुस्करा, उकळून गार केलेलं दूध आणि वेलची घाला. साखर लागत नाही. मिक्सर नसला तरी काही अडत नाही, उलट चिकूचा रवाळपणा तोंडात येतो. दूध घातलं की लगेच खायचं, ठेवायचं नाही.

ताडगोळे घेताना पातळ सालीचे, आतून पाणी हलताना जाणवणारे कोवळे गोळे निवडावेत. पांढरा रंग घट्ट झाला की तो जून. बाहेरची पिवळट साल तुरट असते, ती सोलून टाकावी. सोललेले गोळे तसेच खावेत किंवा नारळाच्या पाण्यात चिरून घालावेत. नीरा घ्यायची तर पहाटे उतरवलेली, थंड ठेवलेली आणि लगेच प्यायची. हवेतले यीस्ट तिच्यावर तत्काळ काम सुरू करतात आणि ऊन चढेपर्यंत तिची ताडी होऊ लागते.

माठ कुठे चालतो, कुठे थकतो

कमी विस्तवाच्या स्वयंपाकात गार पाणी आणि गार जागा यांना महत्त्व येतं. माठातलं पाणी बाहेर झिरपतं, वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर ते वाळणं मंदावतं. ३४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर माठ कितीही चांगला असला तरी पाणी साधारण साडेसत्तावीस अंशांच्या खाली जाऊ शकत नाही. ३८ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर तेच पाणी साडेचोवीस अंशांच्या जवळ उतरू शकतं. म्हणजे तलासरीच्या तापलेल्या, कोरड्या दुपारी माठ डहाणूच्या किनाऱ्यापेक्षा जास्त काम करतो. किनाऱ्यावर माठ भिंतीपाशी न ठेवता वाऱ्याच्या वाटेत, तिवईवर ठेवावा आणि त्याला ओलं फडकं गुंडाळावं.

दूध, शिजलेली डाळ, मासळी टिकवायला मात्र दोन्ही ठिकाणचा माठ पुरत नाही. पंचवीस अंशांत जंतू मजेत वाढतात. माठाच्या गारव्यात ताक, फळं, भाज्या ठेवाव्यात. शिजलेलं अन्न त्याच वेळी संपेल इतकंच करावं.

इथे विस्तव वाचवायचा नाही

रानातले कडू कंद आणि करांदे कच्चे खाऊ नयेत. ते सोलून, चकत्या करून, पाणी बदलत पुन्हा पुन्हा उकळण्याची आणि वाहत्या पाण्यात ठेवण्याची आदिवासी घरांतली रीत ही विष काढण्याची रीत आहे. तिच्यातली एकही पायरी गाळायची नाही. अळू कच्चं राहिलं तर घशाला खाजतं, कारण त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. वालात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात आणि राजम्यात पोट बिघडवणारी प्रथिनं, म्हणून दोन्ही नीट शिजवूनच खावेत. मोड आलेली मटकी, मूग कोशिंबिरीत घालण्याआधी पाच मिनिटं वाफवावेत. ज्या उबेत मोड येतात, त्याच उबेत जंतूही वाढतात.

आणि पाणी. जे शिजणार नाही, त्यात पडणारा प्रत्येक थेंब पिण्याच्या पाण्याचा हवा. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि पाणी गढूळ होतं. ते गाळून, उकळून किंवा आरोग्यसेविकेने दिलेल्या क्लोरीनच्या मात्रेने शुद्ध करून घ्यावं. एक हंडा पाणी पहाटे उकळून ठेवण्यात गेलेला विस्तव हा वाया गेलेला विस्तव नाही. पन्हं, कोशिंबीर, दडपे पोहे, सगळ्यांची सुरक्षितता त्या हंड्यावर आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पन्हं, ताक, कांदा यांनी उष्माघात बरा होत नाही. उन्हातून आलेलं माणूस बरळायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

एक दिवस, वीस-पंचवीस मिनिटांचा

सगळं एकत्र बांधू या. खरी तयारी फाल्गुनात होते. चैत्र पौर्णिमेला डहाणूजवळच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू व्हायच्या आधी, सकाळी गारवा असतानाच, शेंगदाणे, तीळ, खुरासणी आणि जिरं भाजून ठेवायचं, नागली दळून आणायची, पोहे-कुरमुरे भरायचे. पुढे एप्रिलमध्ये छुंदा, मेमध्ये सुकट.

मग रोजचा दिवस असा. पहाटे साडेपाचला चूल पेटवायची. आधी रात्री आंबवलेल्या पिठाची आंबील, सात मिनिटं. मग भिजवलेली तूरडाळ कुकरमध्ये घालून एक शिट्टी, आणि कुकर तसाच गोधडीत गुंडाळून ठेवायचा. आतली वाफ आणि उष्णता पुढचा पाऊण तास डाळ शिजवत राहते. मग धुतलेले तांदूळ दुप्पट पाण्यात घालून उकळी आली की पाच-सहा मिनिटं मोठ्या आचेवर ठेवून, घट्ट झाकण लावून तेही गोधडीत. कोलमसारखा बारीक तांदूळ अर्ध्या तासात फुलतो. मग त्याच चुलीवर पिण्याचं पाणी, चांगली उकळी येईपर्यंत. त्याच्यापाशी बसून राहावं लागत नाही.

सकाळी आंबील आणि सुकटाची किंवा खुरासणीची चटणी खाऊन सगळे कामावर जातात. वरण-भात पहाटेचा आहे, म्हणून तो सकाळी साडेसातच्या आत जेवणाऱ्यांना वाढायचा किंवा गार करून फ्रिजमध्ये टाकायचा. दुपारपर्यंत पातेल्यात उबदार ठेवायचा नाही. दुपारी दडपे पोहे, ताक, काकडी आणि पन्हं, म्हणजे चूल नाहीच. संध्याकाळी ऊन उतरल्यावर भात किंवा भाकरी आणि एखादी भाजी ताजी करायची, आणि उरलेला भात परातीत पसरायचा. हा विस्तव त्या वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा वेगळा, पण तो ऊन उतरल्यावरचा.

या वेळापत्रकात घरातल्या सगळ्यांना काम आहे आणि तेच त्याचं मोठं बळ आहे. कैरी किसणं, करवंदं निवडणं, पोहे चाळणं, जवळा पाखडणं, छुंद्याचं भांडं उन्हात नेणं-आणणं ही कामं विस्तवाची नाहीत. ती सावलीत बसून होतात आणि दहा वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत कुणालाही जमतात. चुलीपाशी एकीलाच बसावं लागतं, पण ओट्यावर बसून कैरी किसायला चौघं बसू शकतात. उन्हाळ्याच्या स्वयंपाकातली ही वाटणी घरात रुजली, तर मे महिना संपल्यावरही ती मोडायचं कारण नाही.